संबळ

कुलदेवीच्या देवळात संबळ वाजायला लागला आणि माझ्या लेकीने कान दाबून किंकाळी फोडली. मग ती फरशीवर डोकं आपटू लागली.

शहरात असं झालं की अनोळखी माणसं मला सांगतात, "दोन लगावा, गप्प बसेल." इथल्या अनोळखी माणसांनी हात जोडले. एका बाईने तिचं कपाळ कुंकवाने भरलं. दुसरीने पदर पसरून तिला विचारलं, "आई, माझ्या सुनेची कूस कधी उजवशील?"

"तिच्या अंगात नाही आलेलं," मी म्हणाले. "ती ऑटिस्टिक आहे. तिला आवाज सहन होत नाही. बंद करा ते."

"देवीला आवाजच लागतो," पुजारी शांतपणे म्हणाला आणि त्याने गोंधळ्यांना खूण केली. संबळाचा जोर वाढला.

मी लेकीला छातीशी आवळलं. झटापटीत माझे केस सुटले. शेवटी मीही तिच्यासारखीच किंचाळले, "थांबवा."

संबळ थांबला. लेक माझ्या कुशीत शांत होऊ लागली. मग ती कुंकवाची बाई माझ्याकडे वळली. माझ्या कपाळावर अंगठा टेकवत तिने मागच्यांना हळूच सांगितलं, "देवीची थोरली बहीणसुद्धा आली. वाजवा."