सिग्नाशी लावलेली जोडी

एमिल शॅफनरची मुलगी इस्पितळाच्या वाटेवरच, बर्फात रुतलेल्या ट्रकमध्ये बाळंत झाली, तो एकोणीसशे पंच्याहत्तरचा मार्च. त्याच मार्चमध्ये कोळशावरच्या कराचं विधेयक राज्याच्या सिनेटमध्ये मताला आलं. खाणवाल्यांकडून कर घ्यायचा आणि त्यातून लांबच्या परगण्यांत इस्पितळं बांधायची, असं ते विधेयक. गव्हर्नर त्याच्या विरोधात होते. सिनेटर एमिल त्यांच्याच पक्षाचा, तोही विरोधात.

मतदानाच्या थोडं आधी गव्हर्नर वॉरन टिबेट्स स्वतः खाली आले आणि एमिलला मागच्या खोलीत घेऊन गेले. पोरवयात ते उन्हाळ्यात एमिलच्या रानात गवत कापायला असायचे. दोघांत साहेबी कधी आलीच नाही.

"एमिलकाका, सिग्ना हेगलंड पहाटे गेली."

"कळलं. तिच्या नवऱ्याचा फोन आला होता."

सिग्ना दुसऱ्या पक्षाची. विधेयक तिनेच आणलेलं. ती आजारी पडून इस्पितळात गेली तेव्हा एमिलने तिच्याशी जोडी लावली होती. सिनेटची जुनी रीत ती. एकाला येता येत नसेल, तर समोरच्या बाजूचा एक जण आपलंही मत देत नाही. पारडं होतं तसं राहतं. लिहून कुणी देत नाही.

"म्हणजे जोडी सुटली," गव्हर्नर म्हणाले. "तुम्ही मत दिलंत की बरोबरी होते. बरोबरी झाली की विधेयक पडलं."

"एवढा हिशेब मलाही येतो, पोरा."

"नातवामुळे मन पालटलं का?"

"नाही. कर वाईटच आहे."

"मग नाव पुकारलं की तसं बोला ना. मेलेली बाई काय शब्द मागायला येणार आहे?"

एमिल टोपीची कड चाचपत राहिला.

"मतदान होईपर्यंत जोडी धर, म्हणाली. मी हो म्हटलं. 'मी मरेपर्यंत धर', असं काही ती म्हणाली नव्हती."

गव्हर्नर खुर्चीत बसले. "मी पेपरवाल्यांना सांगून बसलोय. माझ्या टेबलावर आलं तर सही करीन म्हणून."

"येणार नाही अशी खात्री होती, म्हणून बोललास."

"हो."

"मग आता सही कर."

सभागृहात सिग्नाच्या मेजावर काळं कापड घातलं होतं. त्यावर तिचा चष्मा कुणीतरी नीट मिटून ठेवला होता.

एमिलचं नाव पुकारलं.

"सिनेटर हेगलंडशी माझी जोडी आहे," तो म्हणाला आणि खाली बसला.

कारकुनाने पुन्हा विचारलं. एमिलने बसूनच पुन्हा तेच सांगितलं. विधेयक एका मताने मंजूर झालं.

शुक्रवारी गव्हर्नरांनी सही केली. पुढच्या निवडणुकीत पक्षाने एमिलला उभं केलं नाही. तो गुरांकडे परतला आणि कर वाईटच होता, हे भेटेल त्याला सांगत राहिला. शेवटच्या आजारात तो इस्पितळात होता, तेव्हा शाळा सुटली की नातू चालत भेटायला यायचा. त्यालाही त्याने ते सांगितलं.

एमिल शॅफनर एकोणीसशे ब्याऐंशीच्या नोव्हेंबरात वारला, घराजवळच्या नव्या इस्पितळात.