पायाला लागलेली माती

बाहेर एकेकाळचं थंडगार महाबळेश्वर बेचाळीस अंशांवर तापलं होतं आणि रोपवाटिकेच्या थंड खोलीत केतकी शाल पांघरून मेलेली रोपं उपटत होती. अंजनीची झाडं आता फक्त देवराईत उरली होती आणि तिथली चिमूटभर मातीही बाहेर न्यायची नाही, अशी गावाची रीत. पाखरांनी बाहेर टाकलेल्या बिया तिनं रुजवल्या, यंत्राची थंडी दिली, धुकं दिलं. तरी दोन पानं फुटली की रोपं माना टाकत.

एकच ओळ तरारली होती. देवराईत दिवा लावून मग इथं पाणी घालायला येणाऱ्या भागूबाईंची.

आज केतकीनं पाहिलं. भागूबाई तळपायाच्या भेगांतली काळी माती बोटानं काढून कुंडीत सोडत होत्या.

“देवराईची माती? मला तर तीन वर्षं नाही म्हणताय!”

“तू उचलून न्यायला मागत होतीस. ही मी उचलली नाही, बाई. पायाला लागून आली, ती देवानं धाडली.”

केतकीनं गार फरशीवर बसून बूट काढले.

“उद्या दिवा लावायला मीही येऊ?”