जोडीचा बोंबील

उरणच्या व्यापाऱ्यांच्या जुन्या सभाघराचा रिवाज चारशे वर्षांचा होता: छताच्या तुळईवर ज्याचा माल कोरलेला, त्यालाच खाली गादी, एका नगाला एकच. नारळवाले भाऊ तिघे, नारळही तीन. एकोणऐंशी साली पंचांनी प्रथमच सुक्या मासळीला मान दिला, तोही एकट्या गोजराला. तिची जाऊ काशी, धंद्यात बरोबरीची, पायरीवरच टोपल्या राखत बसली. गोजरानं मान वर केली. रंगीत वेलबुट्टीत सुतारानं एकच बोंबील कोरला होता. "ह्यो चुकला," ती म्हणाली. "बोंबील कदी एकला सुकतो काय? जबड्यात जबडा अडकवून जोडीनंच टांगतात." पंच सगळे उरणचेच, खोटं कोण पाडणार? सुतार शिडीवर चढला. दुसऱ्या बोंबलाचं शेपूट पुरं होताच गोजरा गालातल्या गालात हसली आणि दाराकडं वळली. "काशे, टोपल्या ठेव नि आत ये. वर तुजा बोंबील लागला."