शेवटचं रीळ

कडाक्याच्या थंडीत थिएटरचा ऑपरेटर शेवटच्या खेळाला शेवटचं रीळ लावतच नसे. एका हिवाळ्यात लागलेल्या चित्रपटात दारुडा नवरा दारात येऊन माफी मागतो, बायको दार उघडते, की हा दिवे लावून मोकळा. पुढच्या रिळात नवरा पुन्हा हात उगारतो, ते बघायचंय कुणाला? त्याच्या हिशेबी यात पाप नव्हतंच, उलट पुण्यच: लोक डोळे पुसत खुशीत घरी, आणि आपण लवकर पांघरुणात.

त्या हिवाळ्यात नवऱ्याला सोडून माहेरी आलेली त्याची बहीणही फुकट पासावर येऊन बसली. तीही डोळे पुसत घरी गेली, आणि सकाळी बॅग भरून परत नांदायला.

ती कायमची भावाकडे आली, त्यालाही आता जमाना झाला. आज दुपारी दोघं उन्हाच्या खिडकीशी बसून टीव्हीवर तोच चित्रपट बघत होती. बायकोनं दार उघडलं, तसा त्यानं घाईघाईनं रिमोट दाबला.

"संपला, ताई. चहा टाकू?"

ताईनं वाकड्या मनगटानं शाल सावरली.

"लाव परत. पुढचं सगळं पाठ आहे मला, फक्त बघायचं राहिलंय."