हवेची भोकं

"दादा, दवाखान्यात आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. तू का आला नाहीस?" बहिणीच्या या पत्राला म्हाताऱ्याने सात वर्षं उत्तर दिलं नव्हतं. हात कापतो म्हणून तो लॅपटॉपवर लिहायला बसे. पण खरं कारण लिहायची वेळ आली, की लॅपटॉप तव्यासारखा तापे आणि बंद पडे.

दुरुस्तीवाल्याने तो उलटा केला. "काका, मागच्याच महिन्यात पंखा साफ करून दिला. आता ही हवेची भोकं टेप लावून कोणी बुजवली?"

"मीच. धूळ जाऊ नये म्हणून."

"धुळीला एवढं घाबरता?" त्याने टेप खरवडून काढली. "आता दिवसभर लिहा. बंद पडणार नाही."

"दिवसभर?" म्हाताऱ्याने विचारलं.

घरी पंखा एकसारखा फिरत राहिला. म्हाताऱ्याचा हात दोनदा खणातल्या टेपकडे गेला आणि रिकामाच परत आला. मग त्याने तीनच वाक्यं लिहून छापली, आणि ती टपालपेटीत टाकली:

"मी आलो होतो. दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिलो. वर यायचा धीर झाला नाही."