अकरा चोपन्न

कंपनीच्या माणसाने कागदाच्या तीन प्रती टीपॉयवर ठेवल्या, पेनाचं टोपण काढलं आणि पेन जानरावांच्या पुढे धरलं.

"इथे सही करा, काका. आणि मागच्या पानावर एक."

जानरावांनी चष्मा लावला. मजकूर इंग्रजीत होता. त्यांच्या मुलीने, रागिणीने वाचून त्यांना त्याचा अर्थ सांगितला. त्यांचा मुलगा अंकुर, मालवाहू जहाजावरचा सेकंड ऑफिसर, तीन नोव्हेंबरला दुपारी अरबी समुद्रात पडला. दोन दिवस शोधलं, सापडला नाही. शेवटी एक ओळ होती. त्याने स्वतःहून उडी घेतली असावी, हे कुटुंबालाही मान्य आहे.

"म्हंजे थो आपल्या मनानं गेला," जानराव म्हणाले. कोणाला म्हणाले, ते कळलं नाही.

स्वयंपाकघराच्या दारात अंकुरची आई, पार्वताबाई, बसल्या होत्या. गेले वीस दिवस त्या एवढंच विचारत होत्या. पोरगा पडला, का गेला?

"हे कशावरून ठरवलंत?" रागिणीने विचारलं. ती अकोल्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. सकाळच्या बसने अमरावतीला आली होती आणि पर्स अजून तिच्या मांडीवरच होती.

"ताई, त्यांची ड्यूटी बाराला सुरू होणार होती. अकरा चाळीसला ते एकटेच सगळ्यात वरच्या डेकवर गेले. कॅमेऱ्यात दिसतंय. त्या वेळी तिथे जायचं काही कारण नव्हतं."

"सूर्य बघायला गेला असेल."

"तेही तपासलं आम्ही. दुपारी सूर्य सगळ्यात उंच येतो तेव्हा त्याची उंची मोजतात, त्यावरून जहाज कुठे आहे ते काढतात. पण त्या दिवशी ती वेळ बारा दहाची होती. अर्धा तास आधी कोण जातं?"

रागिणीने प्रतींच्या शेजारचा कंपनीचा चौकशी अहवाल ओढून घेतला. दुसऱ्या पानावर गणित होतं. जहाजाचं घड्याळ पंचाहत्तर रेखांशाचं, जहाज साडेबहात्तरवर, एका अंशाला चार मिनिटं, म्हणून सूर्य दहा मिनिटं उशिरा. आकडेमोड बरोबर होती. एक ओळ नव्हती. परीक्षेत तिने याचे दोन गुण कापले असते.

"हे कोणी काढलं?"

"ऑफिसमध्ये. मुंबईला."

"यात कालसमीकरण घेतलेलं नाही."

"म्हणजे?" त्या माणसाने विचारलं. मग ती वर्गात सांगते तसं सांगू लागली, त्याच आवाजात. घड्याळ वर्षभर एका चालीने चालतं. सूर्य तसा चालत नाही. पृथ्वी कधी जलद जाते, कधी सावकाश, आणि तिचा आस कललेला. म्हणून सूर्य कधी घड्याळाच्या पुढे असतो, कधी मागे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सोळा मिनिटं पुढे असतो. वर्षात एरवी एवढा पुढे कधीच नसतो.

"बारा दहातून सोळा मिनिटं वजा करा."

त्याने ओठ हलवत हिशेब केला. "अकरा चोपन्न."

"आणि थोडं आधी जावं लागतं. सूर्य चढता चढता कुठे थांबतो, ते बघायचं असतं. तो वेळेवर गेला होता."

"पण ताई, आता जीपीएस असतं. सोळा मिनिटांनी असा काय फरक पडतो?"

"पडते ना," जानराव म्हणाले.

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"तिवश्याले वावर हाये आमचं. दिवाळीच्या टायमाले कापूस वेचतात, तवा बायांच्या मोबाईलात बारा वाजले का सावली पायापाशी येते. माघ-फागनात हरबरा सोंगाच्या टायमाले नाही येत. अर्धा घंटा मांगं राहते. बाया म्हनतात, बारा वाजले, जेवाची सुट्टी द्या. मी म्हनतो, सावली पाहा. दरसाली भांडन. मले वाटे, बायाच लबाडी करून राहिल्या."

ते हसले नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं, तीन प्रती एकावर एक नीट ठेवल्या आणि त्या माणसाच्या हातात दिल्या.

"घेऊन जा बापू. बरोबर लिहून आना."

"आणतो, काका. पण ते पडलेच, असंही नाही लिहिता येणार आम्हाला."

"नोका लिहू. कामावर होता, इतकं लिहा."

तो माणूस बॅग घेऊन निघाला. फाटकाची कडी वाजली. तो चुकीचं बोलला नव्हता, हे रागिणीला ठाऊक होतं. अंकुरला वर जायचं कारण होतं, एवढंच या गणिताने सिद्ध होत होतं. तिला हलकं वाटलं नाही. गणिताचा ताळा जुळला की वाटतं, तेवढंच वाटलं. मांडीवरची पर्स तिने खाली ठेवली.

"रागिणी," पार्वताबाई म्हणाल्या.

"काय आई?"

"मंग त्याले दिसलं का व?"

"काय?"

"जे पाहाले वर गेला होता, थे."

अहवाल अजून रागिणीकडेच होता. तिने चौथं पान उघडलं. खालच्या डेकवरच्या खलाशाने पाण्यात काही पडताना पाहिलं, ती वेळ तिथे छापलेली होती. अकरा एक्कावन्न.

"नाही आई," ती म्हणाली. पार्वताबाई तिच्याकडेच पाहत होत्या, म्हणून तिने पुढचंही सांगितलं. "तीन मिनिटं बाकी होती."