एका पायावरची मोजणी

डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा, सिगारेट सोडा, रोज सकाळी तीस आकडे होईपर्यंत एका पायावर उभे राहा. तोल सावरेल, कान मात्र गेले ते गेले. यांच्याबरोबर मीही मीठ सोडलं, व्रत समजून.

यांना काहीच ऐकू येत नाही, म्हणून मी समोर उभी राहून बोटांनी आकडे दाखवायची.

गेल्या महिन्यात एकदा हे डोळे मिटून उभे राहिले आणि बरोबर तिसाला पाय टेकवला.

"बोटं कशाला नाचवतेस? मोजतेस ते ऐकू येतंय की."

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकोणतिसालाच पाय टेकवला. मग अठ्ठाविसाला.

"रोज एक आकडा कमी. म्हातारपणी कंजूष झालीस हं."

मी कागदावर लिहून दाखवलं, अहो, मोजणारी मी नाही.

ते हसले. "मग घरात दुसरं आहे कोण?"

देवापुढे रोज बसते, पण काय मागावं तेच आता सुचत नाही.

आज त्यांनी डोळे मिटले, पाय उचलला आणि लगेच टेकवला.

"एकच? मग उद्या काय मोजणार गं तू?"